ढगानं किती खाल्लं

२४ ऑगस्ट १९६४, दौंड

मला विमानात बसायचंय. झालं, लिहून टाकलं! अम्मीला सांगितलं तर म्हणेल, आधी चुलीवरचं दूध बघ. (बघितलं नाही. उतू गेलं.)

आज ढगांच्या कामाचा पाचवा दिवस. कुरकुंभच्या माळावर एक लाकडी पेटी, पेटीवर काचेचा डोळा, शेजारी स्टुलावर मी. वरून पुण्याचं डाकोटा विमान जातं तेव्हा दर मिनिटाला पेटीचा काटा वाचायचा, खाली किती उजेड पोचला ते वहीत लिहायचं. एस.एस.सी.ला गणितात ब्याण्णव मिळाले होते त्याचं आता कुठं चीज झालं. विमान येण्याआधी माळावर चाळीस पांढऱ्या चादरी अंथरायच्या, कडेला दगड ठेवायचे. ते काम हौसरावमामांचं, माळ त्यांचाच. चादरी मातीनं लाल होतात, म्हणून फेरी झाली की त्या धुवायला अम्मीकडे. अब्बा गेल्यापासून ती रेल्वेच्या रनिंग रूमच्या, गार्ड-ड्रायव्हर मुक्कामाला झोपतात तिथल्या, चादरी धुते. तिच्यासारखं पांढरं साऱ्या दौंडात कुणाला जमत नाही, हे मी मुलगी म्हणून नाही म्हणत, गार्डसाहेबसुद्धा म्हणतात.

विमान आज इतकं खालून गेलं की पोटाखालचे खिळे दिसले! मी हात हलवला. मग आठवलं, काटा वाचायचाय. एक मिनिट चुकलं. हे काम चालवणाऱ्या पुण्याच्या साहेबांना सांगितलं नाही.

२६ ऑगस्ट

साहेब जीपमधून आले. डॉ. ढमढेरे. मूळ शिरूरजवळच्या तळेगावचेच, त्यामुळे पुण्याचे साहेब असूनही बाजरीची भाकरी मागून घेतात. हौसरावमामांनी त्यांना आज तोंडावरच विचारलं, "सायेब, गावात बोलत्यात का तुमचं इमान ढग पळवून नेतंय. खरं सांगा."

साहेब हसले नाहीत. मामांच्या शेजारी दगडावर बसले. "पळवत नाही, हौसराव. ढगाची झडती घेतो."

मग नीट समजावलं, मामांना आणि मलाही. विमानाला दोन डोळे आहेत. एक पाठीवर, वर बघणारा. एक पोटाशी, खाली बघणारा. विमान ढगाच्या वरून जातं तेव्हा पाठीवरचा डोळा सांगतो, सूर्याकडून शंभर आला. पोटाचा डोळा सांगतो, ढगानं साठ परत फेकला. मग ढगाच्या खालून जायचं. तिथं पाठीवरचा डोळा सांगतो, पस्तीस झिरपून खाली आला. साठ आणि पस्तीस पंच्याण्णव. मग पाच कुठं गेले?

"ढगानं खाल्लं!" मामा म्हणाले.

"बरोबर. आता ते पाण्यानं खाल्लं का ढगात शिरलेल्या धुळीनं, एवढंच आम्हाला बघायचंय."

आणि हे तीन वेळा, निळ्या काचेतून, हिरव्या काचेतून, लाल काचेतून. चादरी कशाला, तर पोटाचा डोळा रोज खरं बोलतो का ते तपासायला. चादर किती उजेड परत देते ते साहेबांनी नव्या कोऱ्या चादरीवरून पुण्यात मोजून ठेवलंय. विमान चादरींवरून गेलं की डोळ्यानं तेवढंच सांगायला हवं. नाही सांगितलं तर डोळ्याच्या आकड्याला तेवढी दुरुस्ती.

मामांनी मान वर करून ढगाकडं बघितलं. मग म्हणाले, "म्हंजी ढग काय उजेड सगळा सोडत न्हाई. थोडा पोटात ठिवतोच." आणि समाधानानं तंबाखू मळली. गावाचा प्रश्न सुटला.

२९ ऑगस्ट

आज काय सांगू! दोन गोष्टी.

पहिली. शितोळे म्हणून एक असिस्टंट विमानात बसून काटे वाचतात. त्यांना विमान लागतं. रोज! वहीची पानं वाळवून मग साहेबांकडे देतात म्हणे. साहेब म्हणाले, "शेवटच्या आठवड्यात शितोळ्यांना सुट्टी देऊन जमिनीवरच्या दोघांपैकी एकाला विमानात घेऊ. ज्यांचं काम चोख, त्यांना."

दोघांपैकी! म्हणजे मी आणि शिरूरचा इक्बाल. विमान शिरूरहून सरळ कुरकुंभला येतं, तिकडं घोडनदीच्या काठी तसाच माळ, तशाच चादरी, आणि इक्बाल मास्तर. शाळेत शिकवतो. एकदाच भेटलाय, किडकिडीत, खाली बघून बोलणारा. पुलावरून जाताना मधोमध चालतो, कठड्याजवळ जात नाही, असं शितोळे सांगत होते.

दुसरी. साहेब माझ्या चादरींकडे बघत राहिले. "वा! याला म्हणतात पांढरं. शिरूरच्या चादरी पिवळट दिसतात हो. डोळा तपासायला आपण कुरकुंभच्याच धरू."

मी अंगठ्याएवढी होते ती हत्तीएवढी झाले. घरी येऊन अम्मीला सांगितलं. ती चादर झटकत म्हणाली, "मंग? त्यात काय सांगायचं." पण दोन वेळा विचारलं, साहेब नेमकं काय म्हणाले ते.

३१ ऑगस्ट

इक्बाल आज कुरकुंभला आला होता, पेटी जुळवून बघायला. मी मुद्दाम विचारलं, "तुमच्याकडं चादरी कोण धुतं?" म्हणाला, "मीच. नुसत्या साबणानं." मी म्हटलं, "दिसतंच ते!" बिचारा लाल झाला. मला जरा वाईट वाटलं. जरासंच.

३ सप्टेंबर

गोंधळ! साहेबांनी दहा दिवसांचे आकडे मांडले. निळ्या काचेत बेरीज सत्त्याण्णव. हिरव्यात शहाण्णव. लाल काचेत — एकशे चार!

शंभर येतो आणि ढग एकशे चार देतो! म्हणजे ढगात दिवा लागलाय. शितोळ्यांनी विमानातली पेटी उतरवून जीपमधून आणली, उघडली, तारा पुसल्या, काच बदलली. जुनी लाल काच कोपऱ्यात तडकली होती, ती मला दिली, "घ्या, आठवण." तरी आज पुन्हा एकशे तीन.

साहेब म्हणाले, "या आकड्यांवर मी पुण्यात तोंड दाखवू शकत नाही." नेहमी भाकरी मागतात, आज मागितली नाही.

४ सप्टेंबर

एकशे चार.

५ सप्टेंबर

एकशे चार. आणि चादरींवरून एक शेळी चालत गेली. मामा तिच्यामागे, मी मामांच्या मागे, वरून विमान. हसून हसून पोट दुखलं. साहेबसुद्धा हसले, आठवड्यात पहिल्यांदा.

८ सप्टेंबर

सापडलं!

संध्याकाळी नदीवर अम्मीला मदत करायला गेले. ऊन होतं अजून. ओढणीच्या गाठीत शितोळ्यांची लाल काच. पोरकटपणा, पण ती डोळ्याला लावून मी सगळीकडं बघत असते. अम्मी लाल, म्हशी काळ्या, पाणी लाल. गंमत म्हणून चादरींकडे बघितलं. दोन चादरी शेजारी शेजारी होत्या. एक साबणातून काढून खडकावर टाकलेली. दुसरी निळीच्या पाण्यातून काढलेली.

नुसत्या डोळ्यांनी निळीची चादर लख्ख, साबणाची मळकट.

काचेतून उलटं! साबणाची उजळ, निळीची अंधारलेली.

काच काढली, परत लावली. दहा वेळा. निळ्या रंगाची भुकटी ती, लाल उजेड खाणारच की! आणि साहेबांचं मोजमाप कोऱ्या चादरीवरचं, त्यात नीळ नाही. म्हणजे आमची चादर लाल उजेड कमी परत देते. विमानाचा डोळा खरं तेच सांगतो, कमी. साहेबांना वाटतं डोळाच मंद झालाय. म्हणून ते लाल आकडा वाढवून घेतात, आणि ढग एकशे चार होतो!

डोळा खरा होता. इक्बालच्या पिवळट चादरी खऱ्या होत्या. खोटं पडलं ते आमचं पांढरं.

अम्मीला म्हटलं, चादरींना नीळ कशाला घातलीस? तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी विचारलं भाताला पाणी कशाला घातलंस. "सायेब म्हनले पांढऱ्याशुभ्र पायजेत. निळीबिगार चादर म्हंजी काय धुतलेली म्हनायची?"

खरंच आहे. मला विचारलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. तीन आठवडे त्या चादरी मी बघतेय, नीळ आहे हे ठाऊक आहे, आणि एकदाही मनात आलं नाही. नीळ म्हणजे काही 'घातलेलं' असतं असं कुणाला वाटतं!

९ सप्टेंबर

साहेब आले होते. सांगितलं नाही. सांगितलं की माझं विमान हातचं गेलं.

१० सप्टेंबर

आजही नाही. शितोळे बिचारे परत पेटी खोलून बसले. मी त्यांना पाणी दिलं. चांगुलपणा केला म्हणे! स्वतःचीच लाज वाटते.

अम्मीचं नाव खराब होईल ते वेगळंच. आणि खरं सांगू? अम्मीपेक्षा विमानाचीच काळजी जास्त आहे. इथं तरी खोटं लिहू नये.

११ सप्टेंबर

सांगितलं.

साहेब जीपमधून उतरत होते, एक पाय खाली, एक पाय वर, तेवढ्यात मी म्हटलं, "साहेब, चादरींना नीळ आहे." सगळं एका दमात. काच त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्याला लावली, चादरींकडं बघितलं, मग हौसरावमामांकडं बघितलं, मग परत चादरींकडं. आणि खाली बसकण मारून हसायला लागले. मांडीवर थापा मारून! "शितोळे! अहो शितोळे! तारा काय पुसताय, नीळ आहे नीळ! माझी आई जन्मभर घालत आली, माझ्या या शर्टाला आहे, आणि मी तीन आठवडे ढगाला दोष देतोय!"

शितोळ्यांना हसू आलं नाही. त्यांनी ती पेटी आठ वेळा उघडली होती.

मग साहेब गंभीर झाले. प्रत्येक धुण्यात नीळ कमीजास्त पडली असेल तर सगळे दिवस वाया. सारखी पडली असेल तर एकच दुरुस्ती, आणि सगळं वाचलं. मला विचारलं, "तुमच्या आई निळीचं माप कशानं घेतात?"

मी चिमूट करून दाखवली. साहेबांचा चेहरा पडला.

१३ सप्टेंबर

अम्मी रागावली आहे. कालपासून एकच वाक्य, "रेल्वेत वीस वर्सं झाली, कुनी बोट दावलं न्हाई." उद्या साहेब घरी येणार, तिची परीक्षा घेणार. तिला सांगितलंय, परीक्षा नाही गं, मोजणी. म्हणाली, "मापायला मी काय तागडीतलं वांगं हाय व्हय?"

१४ सप्टेंबर

आजचा दिवस सोन्याचा!

साहेबांनी आठ बादल्या मांडल्या. आठ कोऱ्या चादरी. म्हणाले, "सुगराबी मावशी, रोज घालता तशी घाला. आमच्याकडं बघू नका." अम्मी बघतच नव्हती. पदर खोचला, पुडी उघडली, तीन बोटांची चिमूट, बादलीत सोडली, हातानं दोनदा घोळवलं, पाण्याकडं तिरपं बघितलं. आठ वेळा. पाचव्या बादलीला थांबली, चिमटीतले दोन कण परत पुडीत टाकले. साहेबांनी विचारलं, का? म्हणाली, "ह्यात पानी कमी हाय." बघितलं तर खरंच, बादलीला पोचा होता!

चादरी वाळल्यावर अंगणात एकेक धरली आणि मी लाल काचेच्या पेटीनं काटा वाचला. पहिली — चौऱ्याहत्तर. दुसरी — चौऱ्याहत्तर. तिसरी, चौथी. पाचवीला मी काटा दोनदा वाचला. चौऱ्याहत्तर! आठव्या चादरीला काटा केसभर हलला, तेवढाच.

मग माळावरून आणलेल्या तीन चादरी, वेगवेगळ्या दिवशी धुतलेल्या. त्याही चौऱ्याहत्तर. कोरी चादर ऐंशी.

साहेबांनी अम्मीला हात जोडले. खरोखर जोडले! "मावशी, आमची यंत्रं परदेशातून येतात, तरी रोज तपासावी लागतात. तुमच्या चिमटीला तपासायची गरज नाही." मग ओसरीवर बसून साहेबांनी सगळी जुनी बेरीज नव्यानं मांडली, इक्बालच्या चादरींशी ताडून बघितली. लाल काचेत एकशे चारचे झाले नव्याण्णव, शंभराच्या आत. बरोबर! एकही दिवस वाया गेला नाही.

अम्मीनं चहा केला. साहेब गेल्यावर म्हणाली, "मानूस बरा हाय. शर्टाला नीळ मातुर लई घालत्यात, डाग पडल्यात." आणि रात्रभर स्वतःशी हसत असणार, मला माहीत आहे.

१५ सप्टेंबर

इक्बाल जाणार विमानात. साहेबांनी आज माळावर सांगितलं. सांगताना त्यांनाच अवघड झालं होतं. "काम त्यांचं चोख होतं. नुसता साबण." मी म्हटलं, हो साहेब, बरोबर आहे.

बरोबरच आहे. मीच त्याला हिणवलं होतं वर. एस.टी.त बाहेर बघत बसले. हौसरावमामांनी निघताना ओच्यात शेंगा घातल्या होत्या, "ताई, रडायचं न्हाई. इमानात काय, नुसता आवाज." मी कुठं रडत होते! घरी येऊन रडले. मग शेंगा खाल्ल्या.

१८ सप्टेंबर

इक्बालचं कार्ड! साहेबांना लिहिलेलं, साहेबांनी मला वाचायला दिलं. उतरवून ठेवते.

"आदरणीय साहेब, निवड केलीत, आभारी आहे. पण मला उंचीवर चक्कर येते. शाळेच्या माडीवरून मुलांना हाक मारायची तर मी डोळे मिटून मारतो. मला वाटत होतं चादरी पिवळट म्हणून तुम्ही मला निवडणार नाही, आणि मी निर्धास्त होतो. मुमताजबाईंनी खरं सांगून मोठी अडचण केली. कृपया त्यांनाच पाठवावे. त्यांचे आकडे माझ्यापेक्षा नीट असतात."

वाचून मी माळावर ओरडले! शेळी पळाली. साहेब म्हणाले, "परवानगीचा कागद आठ दिवसांपूर्वीच दोन्ही नावांनी मागवला होता. बायकांना नेत नाहीत म्हणत होते. मी लिहिलं, मी आकडे नेतोय." इक्बाल मास्तरांना आजच पत्र लिहिलं. माफी पण मागितली, पिवळट म्हटल्याची.

अम्मीला सांगितलं. तिनं माझी पांढरी साडी ट्रंकेतून काढली आणि बादली मांडली.

१९ सप्टेंबर

झोप नाही, भूक नाही. मला फक्त एकच बघायचंय. ढग, वरून. खालून तर म्हशीही बघतात.

२२ सप्टेंबर

बसले! उडाले! उतरले!

पहाटेच्या गाडीनं पुण्याला गेले. शितोळे विमानापर्यंत सोडायला आले होते. म्हणाले, "शाईचं पेन नको. वर गेलं की शाई ओकतं." आणि जरा थांबून, "माझ्यासारखं." मग पेन्सिल दिली, स्वतःची, दोन्हीकडून टोक काढलेली.

आत पत्र्याचा वास, कानात घोंगावणारा आवाज, खाली बाकडं, समोर सहा काटे. पाठीच्या डोळ्याचे तीन, पोटाच्या डोळ्याचे तीन. अर्ध्या मिनिटाला सहा आकडे. साहेब पुढं उभे, बोट वर केलं की सुरू. कान दुखले, हात गारठले, स्वेटर घेतला होता म्हणून बरं. पोटात एकदा ढवळलं, पण तेवढ्यात साहेबांचं बोट वर गेलं आणि ढवळणं राहूनच गेलं!

शिरूरवरून गेलो तेव्हा पोटाचे काटे उसळले. इक्बालच्या चादरी! मग ढग सुरू झाला. काय ते काटे! ढगाच्या मधोमध गेलो की तिन्ही उभे राहतात, कडेला आलो की पडतात, दोन ढगांच्या फटीत एकदम खाली. मी बघत होते आणि लिहीत होते. एका ढगात लाल काटा बाकीच्यांपेक्षा आधी लवायला लागला. मी त्या ओळीखाली रेघ मारली. मग ढगाखालून परत. मग पुन्हा वरून. अकरा पानं झाली. एकही मिनिट चुकलं नाही, एकही!

उतरलो. कान बंदच होते. साहेबांनी वाकून मोठ्यानं विचारलं, "मग, मुमताजबाई? कसे दिसले ढग?"

मी वळून विमानाकडं बघितलं. 

खिडकी माझ्या उजव्या हाताला होती. गोल. हातभर अंतरावर. दोन तास! मी एकदासुद्धा मान वळवली नाही.

साहेबांना कळलं. ते हसले नाहीत. मीच हसायला लागले, धावपट्टीवर उभी राहून, स्वेटर, साडी, कानात घों घों. येताना गाडीत यवतपर्यंत हसत होते. समोरच्या बाईनं आपलं पोर जवळ ओढून घेतलं.

२३ सप्टेंबर

साहेब आज स्वतः घरी आले. रेघ मारलेली ओळ त्यांनी तीन वेळा विचारली, ढगानं काय खाल्लं त्याचा धागा तिथंच असेल म्हणाले. उद्या त्याच वाटेनं आणखी एक फेरी आहे. म्हणाले, "शितोळे लिहितील. तुम्ही नुसत्या खिडकीशी बसा. डोळे भरून ढग बघा, तुमचा हक्क आहे."

अम्मी तर टाळ्याच वाजवायची बाकी होती.

मी म्हटलं, "साहेब, खिडकीशी शितोळ्यांना बसू द्या. वही माझ्याकडं राहू द्या."